कड्यावरची, कुंडीतली

बाभुळगावच्या आमच्या अंगणात तुळशीशेजारी एक कुंडी आहे. आई तिला दगडाची कुंडी म्हणते, कारण तिच्यात मातीपेक्षा मुरूम आणि विटांचे तुकडेच जास्त. रोपवाटिकेतून आणलेली शिंदळ माकुडी आहे ती. पहिलं रोप मी आपल्या काळ्या, कपाशीच्या मातीत लावलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात कुजलं.

ही मूळची सह्याद्रीतली, आणि जगात फक्त तिथलीच. १८६० च्या दशकात डाल्झेल यांनी तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. शिवनेरी, वज्रगड अशा मोजक्याच कड्यांच्या कपारींत ती उरली आहे. एकेक कडा म्हणजे एकेक बेट. भोवती पाण्याऐवजी शेतं, रस्ते, वणवे आणि चरणारी गुरं.

पावसाळा सरता सरता लालसर, पिवळ्या ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल येतं. नाक जवळ नेलं तर वास बरा नाही. तो माशांसाठी असतो.

"हे फूल कोन्या देवाले वाह्यचं?" आई विचारते.

कांडी तोडून खोचली की नवं रोप होतं. मी सात जणांना दिली. शेंग मात्र आमच्याकडे एकदाही धरली नाही, म्हणजे सातही घरांत एकच झाड आहे. वाऱ्यावर उडणारं तिचं म्हातारीसारखं बी मी अजून पाहिलेलं नाही.

बेंबळा धरणात आत्याचं गाव गेलं, तेव्हा तिनेही तुळस कुंडीतच आणली होती.

यंदा दोन कळ्या आहेत. 'पाणी घालू नये' अशी चिठ्ठी मी कुंडीला चिकटवली आहे. आई वाचते, आणि घालते.