पॉलिशर घेताना

राळेगणसिद्धीच्या मामांची लाल मारुती ८०० आमच्या घरातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. १९९७ सालची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते तीनदा झालंय. पुढचं २०२७ मध्ये. मामेभावाचं म्हणणं, आता भंगारात द्या. इंजिन ठणठणीत, पण रंग उन्हानं पार उडालेला. बॉनेट तर खडू फासल्यासारखं गुलाबी! पूर्ण पेंट करायचा तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाणार. मामा म्हणाले, "चांगली दिसली तर ठेवू, नाहीतर जाऊ दे." म्हणजे फैसला पॉलिशवर आला. आणि पॉलिशचा छंद घरात मलाच :)

आजवर मी सगळं हातानेच करत आलो. पण अख्खी गाडी, तीही या अवस्थेतली, हाताने करायची म्हणजे खांदा निकामी. मशीन घ्यायचं ठरलं आणि डोक्याला खुराक मिळाला.

पहिला सल्ला मामेभावाचा. वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आण, त्याला फोमचं पॅड लाव, तासात काम. आपल्याकडे असं सर्रास करतात. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. रंगासाठी हजार-दीड हजार खूप झाले. ग्राइंडर लोखंड कापायला बनवलाय, त्याने तेच करावं.

मग उरतात दोन जाती. रोटरी आणि ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. रोटरीत पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतं. झपाट्याने कापतं, गॅरेजवाल्यांचं लाडकं, शिवाय स्वस्त. पण एका जागी दोन-चार सेकंद जास्त रेंगाळलं की पत्रा तापतो, आणि कडेला टेकलं की रंग जाऊन खालचा प्रायमर दात काढून हसतो. हात बसलेला नसेल तर उन्हात तिरपं पाहिल्यावर इंद्रधनुषी वलयंही दिसतात. डीएमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता वेडंवाकडं झुलतंही. उष्णता पसरते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जास्त दाबलं तर ते फिरायचंच थांबतं. नुसतं थरथरतं. चिडक्या माणसाच्या हाती द्यावं असं यंत्र.

डीएमध्येही हे झुलणं किती, यावर पोटजाती आहेत. ८, १५, २१ मिलिमीटर. २१ वालं मोठ्या सपाट पत्र्यावर मजेत चालतं, पण वळणावर अडखळतं. ८०० चा पत्रा तो केवढा! मी ८ वालं घेतलं, पाच इंची पॅडचं, आणि खांबांसाठी तीन इंची प्लेट वेगळी. हळू काम करतं म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. मला घाई नव्हती.

का नव्हती, ते सांगतो. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४०-५० मायक्रॉन. आपण लिहितो त्या कोऱ्या कागदाच्या निम्मा. पॉलिश म्हणजे चरे बुजवणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणणं. दरवेळी थोडा थर कायमचा जातो, आणि गेलेला परत येत नाही. राळेगणच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. १९७५ मध्ये अण्णा सैन्यातून परतले, तेव्हाचा दुष्काळ मामांनी पाहिलाय. पुढे श्रमदानातून बंधारे झाले, पाझर तलाव दुरुस्त झाले, विहिरींना पाणी आलं, आणि तरीही गावाने उसासारखी तहानलेली पिकं नाकारली. पाणी दिसतंय म्हणून सगळं उपसायचं नसतं. विहिरीला निदान पुढचा पाऊस तरी असतो, रंगाला तोही नाही.

आधी गाडी धुतली. पाइप लावायची हिंमत त्या गावात माझ्यात तरी नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. उरलेलं पाणी मामींनी कुंपणाच्या कडुनिंबाला घातलं. मग पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन बॉनेटचा कोपरा घासला. फडकं लालभडक!

मामा खुर्चीवरून उठलेच. "आरं, पालिश करतो का रंगच काढतो गाडीचा?"

वर क्लिअर कोट असता तर फडक्यावर रंग आला नसता. म्हणजे हा जुना एकेरी रंग, वरपासून खालपर्यंत लालच. वरची मेलेली पावडर निघाली की खाली जिवंत रंग, पण तोही किती उरलाय ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून सगळ्या कडांना मास्किंग टेप, सगळ्यात मऊ पॅड, सौम्य पॉलिश, मशीन तिसऱ्या आकड्यावर. (ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: प्लेटच्या काठावर मार्करने एक रेघ मारा. पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय ते तिच्यावरून कळतं.) काम सकाळीच उरकायचं. एक तर पत्रा तापला की पॉलिश सुकतं, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मशीन रडायला लागतं.

दोन सकाळी गेल्या. बॉनेट, दारं, डिकी लाल झाली. अगदी शोरूमसारखी नाही, पण मामींना त्यात स्वतःची टिकली दिसली. छतावर मात्र मधोमध एके ठिकाणी लालाआडून करडं डोकावायला लागलं होतं, तिथे मशीन लावलंच नाही. हाताने वॅक्स चोळलं आणि सोडलं. मामेभाऊ म्हणाला, तेवढंच डागासारखं दिसतं. दिसू दे.

रजिस्ट्रेशनचं मामा अजून काही बोललेले नाहीत. मशीन मात्र तिथेच ठेवून घेतलंय, आणि शेजारच्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटचं विचारून झालंय.