दाबलेलं नाक, मिटलेलं तोंड

नाक दाबलं की तोंड उघडतं. गेले काही दिवस ही म्हण डोक्यातून जात नाही. एरवी ती आपण श्वासाबद्दल वापरतच नाही. भाडं थकवणारा भाडेकरू, बिल अडकवून बसलेला कंत्राटदार, कामगारांशी बोलायलाच तयार नसलेला मालक, यांचं नाक दाबायचं असतं. पाणी तोडा, माल अडवा, संप करा, मग बघा कसा बोलतो. म्हणीत दाबणारा एक आणि गुदमरणारा दुसरा. दाबणाऱ्याचं स्वतःचं नाक मोकळं असतं, हे मात्र म्हण सांगत नाही.

आणि स्वतःचंच नाक स्वतःच्या हातानं दाबून, तोंड मिटून कुणी बसलं असेल तर?

आजोबा रोज सकाळी तसे बसत. संध्येला बसण्याआधी चष्मा काढून ठेवत. नाकाच्या दोन्ही अंगांना चष्म्याने पडलेले लालसर खळगे असत. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्यात दुमडलेली, अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डावीवर. ओठ घट्ट मिटलेले. मंत्र मनातल्या मनात चाले, पण हनुवटीखालची सैल कातडी किंचित हलायची, तेवढ्यावरून कळायचं की आत काहीतरी चाललं आहे. मी समोर बसून त्यांच्याबरोबर श्वास रोखायचे आणि त्यांच्या आधी सोडून द्यायचे. हे थांबणं किती वेळाचं, तर मंत्राला लागेल तेवढ्या वेळाचं. घड्याळाकडे ते बघत नसत. ‘कशासाठी हो?’ विचारलं तर म्हणत, ‘आधी बस तर खरी.’

आता मी राहते त्या अमेरिकेत श्वासाचं हे थांबणं आलं ते आकडे घेऊनच. न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानांतून तयार झालेल्या ‘राजयोग’ या 1896च्या पुस्तकात विवेकानंदांनी सेकंदच दिले आहेत: चार सेकंदांत श्वास आत, सोळा सेकंद रोखायचा, आठ सेकंदांत बाहेर. आता इथल्या नौदलाच्या कमांडोंच्या नावावर खपणारा चार-चार-चार-चारचा चौकोनी श्वास फोनवरच्या ॲपमध्येही मिळतो. मार्च 2020मध्ये तर एक निरोप व्हॉट्सॲपवरून घराघरांत पोचला होता: रोज सकाळी दहा सेकंद श्वास रोखून बघा, खोकला आला नाही तर तुम्हाला कोरोना नाही. खाली नाव स्टॅनफर्ड विद्यापीठाचं. स्टॅनफर्डनं हे आमचं नव्हे म्हणून सांगितलं, तोवर इकडच्या आणि तिकडच्या आपल्या कितीतरी लोकांनी श्वास रोखून पाहिलाही होता. त्या दहा सेकंदांत प्रत्येकाच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

पण म्हणीकडे परत येते. तोंड उघडतं, ते कोण उघडतं? इथे मिशिगनमध्ये आमच्या पोहण्याच्या तलावावर पाटी आहे: पाण्याखाली जास्त वेळ श्वास रोखून धरण्यास मनाई. अमेरिकेत ठिकठिकाणी अशा पाट्या दिसतात. श्वास घ्यायला भाग पाडतो तो मुख्यतः रक्तात साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजनची उणीव शरीराला तितक्या लवकर जाणवत नाही. पाण्यात शिरण्याआधी कुणी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून जातो. ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही, कारण रक्तात तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. मग श्वास घ्यावासाच वाटत नाही, आणि त्या शांततेत शुद्ध हरपते. असे बुडणारे अनेकदा चांगले पोहणारेच असतात.

म्हणजे तोंड उघडणं ही शरणागती म्हणायची की राखण? म्हणीनं तिला शरणागती ठरवलं, आणि मीही इतकी वर्षं कुंभक, म्हणजे रोखलेला श्वास, हा या म्हणीवरचा विजय असंच धरून चालले होते. हठयोगाचा ग्रंथ हठप्रदीपिका मात्र सावध करतो: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसा हा वायू; घाई केली तर तो साधकालाच मारतो. लोणावळ्यात 1924मध्ये कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी ही जुनी सावधगिरी उपकरणांपुढे आणून बसवली.

इथे मला बागची आठवतात, आणि आठवले की लवकर जात नाहीत. बसू कुमार बागची. 1920च्या दशकात ते अमेरिकेत आले तेव्हा स्वामी धीरानंद होते, योगगुरू योगानंदांचे सहकारी. त्यांचं लॉस एंजेलिसचं केंद्र सांभाळत होते. 1929मध्ये ते तिथून बाहेर पडले, मानसशास्त्र शिकले, आणि पुढे आमच्या शेजारच्या ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, मेंदूच्या लहरी मोजू लागले. त्या गावातून गाडी नेताना मला दर वेळी वाटतं, भगवी वस्त्रं त्यांनी पेटीत ठेवली असतील की टाकून दिली असतील? 1957मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वेंगर यांच्याबरोबर यंत्रं घेऊन भारतात गेले. हृदय थांबवतो म्हणणारे योगी त्यांनी तपासले. श्वास रोखून, छाती आणि पोट आवळून धरलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, मनगटावरची नाडी लागेनाशी होते, कानाला ठोकेही ऐकू येत नाहीत. यंत्राच्या कागदावर मात्र हृदयाची रेघ चालूच असते. 1961मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात हे छापून आलं.

ही रेघ मला छळते. बागचींच्या हाताला नाडी लागत नव्हती आणि डोळ्यांना रेघ दिसत होती. एके काळी त्यांनी स्वतः शिष्यांना ध्यानाला बसवलं होतं. त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं झालं असेल, की काही गमावल्यासारखं? मला वाटतं, दोन्ही. मग वाटतं, दोन्हीही नसेल. समोरचा माणूस घामानं डबडबलेला, दम संपत आलेला, त्याला आता सोडा म्हणावं एवढंच वाटलं असेल.

थांबलेल्या श्वासाचं सगळंच मोजता येतं, असं त्या कागदाकडे पाहून मी म्हणाले असते. पण आजोबांच्या नाकावरच्या त्या बोटांत आवळणं नव्हतं. कुणाला काही थांबवून दाखवायचं नव्हतं. त्यांना यंत्र लावलं असतं तर काहीच वेगळं उमटलं नसतं, आणि त्यावरून तिथे काही नव्हतंच असं म्हणायचं, की जे होतं ते रेघेत येत नाही असं म्हणायचं? दुसरं म्हणणं फार सोयीचं आहे, म्हणून मला त्याचा भरवसा वाटत नाही. पहिलं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता माझी लेक विचारते आहे, श्वास किती सेकंद रोखायचा. चार सांगावं, सोळा सांगावं, की तलावावरची पाटी दाखवावी? आणि उद्या तिनं ‘कशासाठी’ असं विचारलं, तर बागचींचं उत्तर द्यावं की आजोबांचं, हेही ठरत नाही. आजोबांनी तर मला तसं काही उत्तर दिलंच नव्हतं.