जुन्या भिंतीचा रंग

पावसाळा ओसरून नवरात्र जवळ आले की पूर्वी वाड्यावाड्यांतून सफेदीची तयारी सुरू होई. परसातील रांजणात कळीचा चुना टाकून पाणी ओतताच तो खदखदू लागे, आणि मुलांना तेथून दूर पिटाळले जाई. आठ-पंधरा दिवस मुरलेला चुना दुधासारखा पातळ करून, फडक्यातून गाळून, त्यात थोडी नीळ व डिंकाचे पाणी मिसळले जाई. डिंकाऐवजी सरसही वापरला जात असे. परंतु तो जनावरांच्या कातड्याहाडांपासून होत असल्याने जैन घरांतून डिंकाला पसंती असणे स्वाभाविक होते. पुढे तयार रंगांचे डबे आले, भिंती गुळगुळीत व चकचकीत झाल्या आणि दरवर्षीची ही दगदग संपली, असे सर्वांनाच वाटले.

मात्र सफेदी ही केवळ सणाची रीत नव्हती. देशावरील जुन्या वाड्याची रचना ध्यानात घेतली म्हणजे तिचे प्रयोजन कळते. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीची किंवा भाजक्या विटांची जाड भिंत आणि आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, अशी ही बांधणी. जमिनीतील ओल अडविणारा थर या भिंतींत नसतो. पावसाळ्यात ओल भिंतीत चढते आणि कोरड्या दिवसांत चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते. भिंत भिजणार हे गृहीत धरूनच ती वाळण्याची वाट मोकळी ठेवलेली असते.

चुन्याचा गुणही येथे उपयोगी पडतो. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. भिंतीवर असा दगडाचाच एक पातळ, सच्छिद्र थर बसतो. या क्रियेला थोडा ओलावा लागतो. म्हणूनच भिंत आधी पाण्याने शिंपडतात, कडक उन्हात काम करीत नाहीत आणि एका जाड हाताऐवजी तीन-चार पातळ हात देतात. पावसाळ्यानंतरचे सौम्य दिवस या कामाला सर्वांत सोयीचे, हे त्यावरून उमगते.

सांगली जिल्ह्यातील एका कुटुंबाला हा धडा महागात पडला. थोरले बंधू गावी शेती सांभाळतात, धाकटे पुण्यात नोकरीला. घरातील मुलीचे लग्न वाड्यातच करावयाचे ठरले आणि ओसरी-माजघराच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा व त्यावर प्लास्टिक इमल्शन देण्यात आले. मांडवात ज्याने त्याने वाड्याचे कौतुक केले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र भिंतीच्या खालच्या भागात रंगाला फुगवटे आले, पापुद्रे सुटू लागले आणि पांढरा लोणा धरला. वरून रंग देऊन तो झाकला, तर ओल आणखी वर चढली. शेवटी माजघरातील एका खांबाचा तळखड्यावर टेकलेला भाग बोटाने कुरतडता येईल इतका मऊ झालेला आढळला. बाहेर पडू न शकलेल्या पाण्याने लाकडाचा आश्रय घेतला होता.

तेव्हा विक्रीची बोलणी सुरू झाली. धाकट्या बंधूंचे म्हणणे व्यवहाराचे होते : दरवर्षी पैसा ओतावयाचा आणि राहावयाचे दोनच माणसांनी. थोरल्या वहिनींना ते पटत होते आणि पटत नव्हतेही. अखेर एका वृद्ध गवंड्याला बोलावून भिंत दाखविण्यात आली. त्यांनी सिमेंटचा गिलावा काढून भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवावयास सांगितली. भिंत वाळल्यावर चुना व वाळूचा गिलावा झाला. खांबाचा कुजका भाग कापून तेथे जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने बसविला. इमल्शनवर चुना धरत नाही, म्हणून उरलेल्या भिंतींवरील रंगही खरवडावा लागला.

खरवडण्याच्या कामात एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा मोठा संभव असतो आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारे नियम आपल्याकडे 2016 साली झाले व नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीचे थर दारा-खिडक्यांवर तसेच आहेत. म्हणून कोरडा पॉलिशकागद न घासता पृष्ठभाग ओला करून खरवडावे, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि गर्भवती स्त्रिया व मुले यांना त्या काळात दूर ठेवावे. नक्षीदार चौकटीवरील रंग निघाल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात सागाला पुरेसा होतो. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पाण्यात बुडवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

रंगाची हौस चुन्यातही भागते. गेरू, पिवळी माती, काजळ यांसारखे रंग चुन्यात टिकतात; इतर अनेक रंग त्याच्या क्षाराने विटतात. जुने थर काढण्यापूर्वी हाताच्या पंजाएवढ्या जागेत हलकेच तपासून घ्यावे, कारण सफेदीखाली कधी वेलबुट्टी, कधी चित्रही दडलेले असते. वाईजवळील मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या तपासणीचे मोल सांगावे लागणार नाही.

कायमचा इलाज म्हणून केलेल्या खर्चाने त्या कुटुंबाच्या वाड्याचे नुकसान झाले, आणि दरवर्षीच्या अल्प खर्चाने तो सावरतो आहे. सारा वाडा एकदम हाती घेण्याची ऐपत नसल्याने ते आता वर्षाला दोन खण दुरुस्त करतात. वाडा राखावयाचा की विकावयाचा, हा प्रश्न दोघा बंधूंत अद्याप मिटलेला नाही. परंतु धाकटे बंधू गेल्या खेपेस आले तेव्हा सामान खाली ठेवताच माजघरात गेले आणि खांबाच्या तळाशी हात लावून लाकूड कोरडे आहे ना, एवढे त्यांनी आधी पाहिले.