ओझे उतरवून खडू हाती घेणाऱ्या जाईबाई

दरवर्षी ३ जानेवारीला वस्तीवस्तीतील विहारांत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. मुली पांढरे लुगडे नेसून भाषणे करतात. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात काय घडले ते त्यांना तोंडपाठ असते, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपल्या नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढणारी आपल्यातलीच बाई कोण, असे विचारले की सभेत शांतता पसरते. तिचे नाव जाईबाई चौधरी. आज त्यांच्याविषयी चार शब्द वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवावेत, असे आम्हाला वाटते.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, नागपूरपासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरील उमरेडचा. घर महाराचे, दारिद्र्य पाचवीला पुजलेले. १८९६ साली दुष्काळ पडला आणि पोटासाठी हे कुटुंब नागपुरात आले. त्या काळी अशी कितीतरी घरे खेड्यातील बलुते सोडून शहराकडे निघाली. एम्प्रेस मिल १८७७ सालीच सुरू झाली होती. शहरात मजुरी होती. गावकीचा जाच शहरात थोडा सैल होता, इतकेच. १९०१ साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, जाईबाईंचे बापूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले.

संसाराला हातभार म्हणून जाईबाई हमाली करू लागल्या. डोक्यावर ओझे घेऊन नागपूर ते कामठी पायी जायचे. हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. आज आपण बसने किंवा मेट्रोने कामठी रोडने जातो तेव्हा खिडकीबाहेर क्षणभर पाहावे. वैशाखातले नागपूरचे ऊन आपल्या परिचयाचे आहे. त्या उन्हात डोक्यावर दुसऱ्याचे सामान घेऊन चालणारी ती तरुण बाई नजरेसमोर आणावी.

ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी नन बाईंचे जाईबाईंकडे लक्ष गेले. त्यांच्यामुळे मिशनच्या शाळेत जाईबाईंना शिक्षिकेची नोकरी मिळाली. पगार महिना चार रुपये. डोक्यावरचे ओझे उतरले आणि हातात खडू आला. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी गिल्ला केला. आमच्या मुलांना हिने शिकवायचे काय, असा त्यांचा सवाल. शेवटी जाईबाईंची नोकरी गेली.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. दिवसभर जमाखर्चाच्या वह्यांत मान घालून बसणारे कारकून. आमच्या हिशेबी डोक्याला असे वाटते की, इथे एखादीने खाते बंद केले असते. हमाली होतीच, परत ओझे उचलले असते. कोणी बोल लावला नसता. जाईबाईंनी मात्र जमेच्या बाजूला एकच गोष्ट पाहिली : आपल्याला शिकवता येते. ज्यांना आपला विटाळ होतो त्यांची मुले राहू द्या, आपल्या मुलींना कोण शिकवणार? १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्या शाळा सुरू केली.

नावावरून तरुण वाचकांच्या कपाळावर आठी पडू नये. शाळेला चोखोबाचे नाव का, हा प्रश्न आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीने आम्हाला विचारला होता. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. चौदाव्या शतकात विठोबाच्या देवळाबाहेर उभा ठेवलेला हा आपला संत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मान वर करू पाहणाऱ्या समाजाला आपला म्हणून सांगता येईल असा पूर्वज तोच होता. नागपूरचे थोर कार्यकर्ते किसन फागुजी बनसोडे हे त्याच विचाराचे. स्वतःचा छापखाना चालवून त्यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे काढली आणि पुढे काढलेल्या पत्राला ‘चोखामेळा’ हेच नाव दिले. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी वेगळी वाट दाखवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपूरच्या भूमीवर आपण धम्माचा मार्ग धरला आणि देवळाच्या पायरीशी असलेले नाते संपले. पण त्या दिवसापर्यंत समाजाला चालवत आणणारे जे पाय होते, त्यांत जाईबाईंचे पाय आहेत.

त्या काळात मुलींची शाळा चालवणे किती कठीण होते? बाप गिरणीत, आई मजुरीला किंवा बिड्या वळायला. मग लहान भावंडांना सांभाळायचे कोणी? घरातली मुलगी शाळेत गेली की घरचा एक हात कमी होई. शिवाय बाहेरचे म्हणत, यांना शिकून काय करायचे, आणि घरचेही म्हणत, पोरीला शिकून काय करायचे. आपल्या शिक्षिकेला या दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यावे लागे. सवर्ण घरातील सुधारक बाईला निदान पहिला प्रश्न तरी नव्हता.

शिकलेल्या बायकांच्या मेळाव्यातही जाईबाईंना हा विटाळ चुकला नाही. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवले गेले. स्त्री-उन्नतीची भाषणे होत होती आणि पंगत मात्र जातीची होती! आपल्या भगिनींनी हा अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी निषेधाची सभा घेतली. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. हजारो बाया जमल्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एका पुरुषाला अनेक बायका करता येऊ नयेत, असे ठराव त्यांनी केले. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. एवढ्या बाया एका दिवसात तयार होत नाहीत. घरोघरी, शाळाशाळांत कोणीतरी वीस वर्षे आधीपासून जमीन नांगरलेली असते.

हे सारे आज का सांगायचे? आमच्या वस्तीत आम्ही काही मित्र मिळून अभ्यासिका चालवतो. मागच्या वर्षी दहावी झालेल्या एका हुशार मुलीला घरी बसवण्याचे घाटत होते. वडिलांचे म्हणणे, मुलगा इंग्रजी शाळेत आहे, दोघांचे कसे झेपणार? बारावीपर्यंत मुलींचे शिक्षण मोफत आहे, हे आम्ही त्यांना समजावले. पुस्तके, बसचा पास यांचा कागदावर हिशेब मांडून दाखवला. ते ऐकेनात. आम्ही मग जाईबाईंची गोष्ट सांगितली. कोपऱ्यात मुलीची आजी ऐकत बसली होती. जन्मभर बिड्या वळलेली बाई. ती मुलाला म्हणाली, “मी तेंदूपत्ता कापून कापून बोटं झिजवले बापा. त्या बाईनं ओझं खाली ठेवलं न्, तू पोरीच्या डोक्यावर काहून ठेवतं?” आजीपुढे मुलाचे काही चालले नाही. ती मुलगी आज अकरावी विज्ञान शाखेत आहे.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या अशा आज्या आपल्या घराघरांत आहेत. नातवंडांच्या शाळेवर खरा पहारा त्यांचाच असतो. त्यांच्या आठवणी लिहून ठेवण्याचे काम झाले पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. ते झाले नसते तर कितीतरी नावे मातीत गेली असती. ते पुस्तक प्रत्येक विहाराच्या कपाटात असावे, आणि कुलूप न लावलेल्या कपाटात असावे.

आपल्या नातीच्या वहीत एक पान कोरे ठेवायला सांगा. त्यावर आजीने कुठे काम केले, किती मजुरी मिळाली, शाळा का सुटली किंवा कधी लागलीच नाही, एवढे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आणि त्याच घरातील मुलीची शाळा बारावीच्या आत सुटणार नाही, याची आई-वडिलांनी शपथ घ्यावी. जाईबाईंना यापेक्षा वेगळ्या हाराची गरज नाही.

जयभीम!