दुसरं मचान

वाशीम जिल्हा वेगळा झाला १९९८ मध्ये. त्याआधीची गोष्ट, रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावची. तूर शेंगांवर आली की रानडुकरांपायी रात्रभर जागल असायची. भूमिती शिकवणारे आमचे सर एकदा त्या जागलीलाच आले. दोन धुऱ्यांवरच्या दोन मचानांवर त्यांनी आम्हाला बसवलं. खसफस झाली की आपापली बॅटरी आवाजाच्या रोखानं धरायची. दोन झोत जिथे छेदले, तिथेच कळप होता. "पोट्टेहो, एका मचानावरून दिशा समजते. जागा समजाले दुसरं मचान पायजे."

बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. सरांनी आमच्या ओसरीवर बसून बाबांना राजी केलं, अमरावतीची पहिली फी स्वतः भरली. पैसे मी पुढे परत केले. मचानाचं देणं मात्र वाढतच गेलं, सूर्याबद्दल वाचायला लागल्यावर तर जास्तच.

सूर्यावर स्फोट झाला की इलेक्ट्रॉनांचे झोत प्रकाशाच्या साधारण एक दशांश ते एक तृतीयांश वेगानं बाहेर पडतात. जसजसे ते विरळ प्लाझ्मात शिरतात, तसतशी त्यांच्यामुळे उठणाऱ्या रेडिओलहरींची वारंवारता उतरते. सुमारे १० मेगाहर्ट्‌झच्या खालच्या लहरी आयनांबर जमिनीवर येऊ देत नाही. तिथे खोडदच्या जीएमआरटी रेडिओदुर्बिणीचाही इलाज चालत नाही. कान अवकाशातच लावावा लागतो. १९९४ मध्ये गेलेलं 'विंड' यान दर ३ सेकंदांना स्वतःभोवती फिरतं. त्या फिरण्यासोबत सिग्नल कमी-जास्त होतो आणि त्यावरून लहरींची दिशा निघते. नुसती दिशा! २००६ मध्ये 'स्टीरिओ'ची जोडी गेली, एक यान पृथ्वीच्या पुढे, एक मागे. दोघांच्या दिशारेषा छेदल्या की झोताची वाट अवकाशात आखता येते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुरीचं वावर दिसलं.

जोडीतल्या एका यानाशी २०१४ मध्ये संपर्क तुटला. पुढे २०१८ मध्ये 'पार्कर' आणि २०२० मध्ये 'सोलर ऑर्बिटर' ही यानं निघाली, म्हणजे आणखी दोन मचानं.

निवृत्त झालेल्या सरांना हे सगळं सांगायला गेलो. ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "पण वाटेत आवाज कशाले आपटून वळला तं?"

नेमकं दुखणं तेच आहे. सौरवाऱ्याची घनता सारखी नसते. तिच्यात लहरी विखुरतात, उगम पसरट आणि जागेवरून सरकलेला दिसतो. म्हणून संशोधक अनेक यानांच्या नोंदी, लहरी पोचण्याच्या वेळांतला फरक आणि विखुरण्याचं गणित एकत्र मांडतात. "सरकतो म्हंजे किती?" सरांनी विचारलं. पुढच्या खेपेला आकडे घेऊन यायचं मी कबूल केलंय.