सुरंगीच्या दिवसांत वेंगुर्ल्यास

आमचा थोरला मुलगा गेली काही वर्षे हॉलंडात नोकरीस आहे. मार्च महिना संपत आला की त्याच्याकडून फुलांची छायाचित्रे येऊ लागतात. लिसे नावाच्या गावी एक प्रसिद्ध उद्यान आहे, त्याचे नाव क्यूकेनहॉफ. सन १९५० पासून ते लोकांस खुले आहे. वर्षातून सुमारे आठच आठवडे त्याची दारे उघडतात, आणि तेवढ्यासाठी दर वर्षी सुमारे ७० लक्ष कंद हातांनी जमिनीत पुरतात. लाल, पिवळे, जांभळे असे ट्यूलिपचे पट्टे, मधून पाण्याचे कालवे आणि मागे पवनचक्की! ती चित्रे पाहून आम्ही उभयता कितीतरी वेळ गप्प बसून राहत असू.

यंदा त्याने आग्रहच धरला, की एकदा येऊन हे सारे डोळ्यांनी पाहून जा. प्रश्न खर्चाचा होता, आणि त्याचे उत्तरही त्यानेच सुचविले होते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पेडणे महालात जमिनीला पूर्वी कोणी ऐकले नव्हते असे भाव आले आहेत. घरामागच्या भरडावर आमची थोडी काजूची बाग आहे, आणि तिच्या कडेला वडिलांच्याही आधीचा एक सुरंगीचा वृक्ष. एक दलाल तीनदा येऊन गेला होता. तो तुकडा दिला तर घराचे कौलारू छप्पर नवे होईल आणि हॉलंडची वारीही होईल, असे मुलाचे म्हणणे. त्यात खोटे काहीच नव्हते. आमचे मात्र ठरत नव्हते.

अशा मनःस्थितीत संत योसेफाचा सण पार पडला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घराला कुलूप घालून दोन दिवसांसाठी बाहेर पडलो. हॉलंड दूर, पण हॉलंडचे लोक जेथे एके काळी येऊन राहिले होते ते वेंगुर्ले आमच्यापासून दोन तासांचीदेखील वाट नव्हे. आणि इतक्या वर्षांत ती वखार आम्ही पाहिलेली नव्हती!

केरीला फेरीबोटीत बसून तेरेखोल नदी ओलांडली. नदीच्या उत्तर तीरावर गोव्याचा एवढाच एक तुकडा आहे. टेकडीवरचा किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. आमचे पेडणे मात्र त्यांच्या हाती १७८८ मध्ये गेले. किल्ल्यातील सांत आंतोनीच्या लहानशा चर्चसमोर उभे राहिले की खाली नदी समुद्राला मिळताना दिसते. सन १९५४ च्या १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. ज्या तटावर इतके झेंडे चढले आणि उतरले, तेथे आज वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

पुढे रेडी आणि मग शिरोडे. रस्त्याच्या बाजूला मिठागरे लागली. पांढरे ढीग उन्हात चकाकत होते. सन १९३० च्या मे महिन्यात येथेच मिठाचा सत्याग्रह झाला. याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. रात्री एका नात्यातील घरी उतरलो. त्यांनी सांगितले, सुरंगी पाहावयाची असेल तर पहाटेच उठा. ऊन वर आले की पाहण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून अंधार असतानाच आसोलीस पोहोचलो. झाड दिसण्यापूर्वी त्याचा सुगंध आला. तो मोगऱ्यासारखा हलका नव्हे; गोड, दाट आणि मधाची आठवण करून देणारा. सुरंगीचा वृक्ष उंच, पाने गर्द हिरवी व जाड, आणि कळ्या डहाळीच्या टोकास न लागता थेट फांद्यांच्या लाकडाला झुबक्यांनी चिकटलेल्या. उमलले की पांढऱ्या पाकळ्यांत पिवळे केसर दिसतात आणि झाड मधमाश्यांनी गुणगुणू लागते. पण गजऱ्यासाठी पाहिजे असते उमलण्याच्या बेतात असलेली कळी. त्यामुळे पुरुष माणसे पहाटेच शिडी लावून फांद्यांवर चढतात, खाली बायका कळ्या वेचतात, आणि उजाडले की अंगणात बसून गजरे गुंफतात. ते शिरोड्याच्या आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात जातात. उरलेल्या कळ्या वाळवून सुगंधी द्रव्यांसाठी व्यापाऱ्यांना विकतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या या थोड्या आठवड्यांवर कित्येक घरांचा पावसाळ्याचा बाजारहाट अवलंबून असतो.

एका अंगणात साठीच्या बाई गजरे करीत बसल्या होत्या. झाड किती वर्षांचे, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “बाय, ह्यां झाड माझ्या आजेसासून लायलेलां.” आजेसासूबाईंनी त्याची फुले पाहिली का, असे विचारताच त्या हसल्या आणि मान हलवून ‘नाही’ म्हणाल्या. सुरंगी बी पासून वाढून फुलावर यायला पुष्कळ वर्षे घेते. मग त्यांनी एक गजरा घरातल्या माणसासारखा आमच्या गृहिणीच्या केसांत माळला आणि पैसे घेण्याचे साफ नाकारले.

वेंगुर्ल्यास पोहोचेतो ऊन तापले होते. डचांची वखार झाडोऱ्यात उभी आहे. महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली आहे. जाड चिऱ्यांच्या भिंती आणि कमानी, असे तिचे उरलेले रूप. डचांनी १६३६ पासून दर मोसमात गोव्याच्या बंदराची नाकेबंदी आरंभिली होती. त्यांच्या गलबतांना पाणी, अन्न आणि दुरुस्ती यांसाठी जवळचा आसरा हवा होता. म्हणून १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशहाची परवानगी मिळवून त्यांनी येथे ठाणे घातले. शतक संपण्यापूर्वीच ते येथून निघूनही गेले.

त्या सावलीत बसून आम्ही मुलाची चित्रे पुन्हा पाहिली. त्यानेच पूर्वी कळविलेली एक गोष्ट आठवली. ट्यूलिप हे मूळचे हॉलंडचे फूल नव्हेच. ते तुर्कस्तानाकडून आले. क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये ते लेडनच्या बागेत लावले. पुढे लोकांना त्याचे असे वेड लागले की एकेका कंदाला घराएवढी किंमत येऊ लागली. सौदे कागदावर, कंद अजून मातीत! सन १६३७ च्या फेब्रुवारीत हा बाजार एकाएकी कोसळला. ज्या वर्षी येथे त्यांची वखार आली, त्याच वर्षी तेथे फुलांचे भाव मातीला मिळाले. पण फूल राहिले. ज्यांनी त्याची शेती केली, त्यांच्या देशात ते अजून फुलते.

आमच्या काजूचीही तीच कथा. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला, आणि आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती वेंगुर्ल्याच्याच नावाने ओळखल्या जातात. परक्या मुलखातून आलेले झाडही कोणी जतन केले तर आपले होते. घरचे झाड मात्र आपणच परके करावयास निघालो होतो.

घरी परतलो तेव्हा सांजवेळ झाली होती. न बोलता दोघेही मागील भरडावर गेलो. आमची सुरंगी फुलून गेली होती. खाली कोमेजलेल्या फुलांचा सडा पडला होता. इतक्या वर्षांत तिच्या कळ्या पहाटे उठून आम्ही एकदाही काढल्या नव्हत्या. क्यूकेनहॉफ या नावाचा अर्थ स्वयंपाकघराची बाग, म्हणजे आपले परसच, असे मुलाने लिहिले होते. परस आम्हालाही होते, आम्ही फक्त तिकडे पाहत नव्हतो.

दलालाला नकार कळविला. त्याने काही सुख आणि काही चिंता दोन्ही वाट्याला आली, हे लपविण्यात अर्थ नाही. यंदा काजूच्या पैशांतून स्वयंपाकघरावरची कौले तेवढी बदलली. बाकीचे छप्पर आणखी एक पावसाळा काढील अशी आशा आहे. हॉलंडची वारी राहिली. मुलाला हे सारे सविस्तर लिहिले. काही दिवस त्याचे उत्तर आले नाही आणि आम्हाला वाटले, तो रागावला. मग एका रविवारी चर्चहून परततो तो त्याचा निरोप आलेला. जमिनीविषयी एक अक्षर नव्हते. झाडाखाली सुरंगीची रोपे उगवली आहेत का, आणि असल्यास पावसाळ्यात दोन लावून ठेवाल का, एवढेच त्याने विचारले होते.

रोपे तीन आहेत. मृगाचा पाऊस पडला की तिन्ही लावणार आहोत.