टुनटुनचा आवाज

मुलांनो, तुमच्या वर्गात कुणाला टोपणनाव आहे का? असणारच. मलाही होतं. टुनटुन.

तुमच्यापैकी पुष्कळांना टुनटुन कोण ते ठाऊक नसेल. आजीला किंवा बाबांना विचारा, नाव ऐकताच हसतील. जुन्या हिंदी चित्रपटांत एक गोलमटोल बाई असायची. ती पडद्यावर आली, की काहीतरी गंमत होणार हे ठरलेलं. कधी तिच्या वजनावरून विनोद, कधी एखादा काटकुळा माणूस तिच्या धाकानं पळत सुटायचा. मग सगळं थिएटर खो खो हसायचं. त्या काळी ज्या ज्या शाळेत एखादी जाड मुलगी होती, त्या त्या शाळेत तिला हे नाव चिकटायचंच. मला ते पाचवीत चिकटलं आणि दहावीपर्यंत सुटलं नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेपासून जवळ. तेव्हा गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं, १९९९ साली ते वेगळं झालं. चहूकडे धानाची बांधी, तळी, आणि घराघरात रेडिओ. मी रेडिओ ऐकून गाणी म्हणायची. एकदा ऐकलं की चाल पाठ. मोठी होऊन रेडिओवर गाणारी व्हायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं. रेडिओच का? कारण रेडिओवर फक्त आवाज जातो, अंग जात नाही. हे कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आठवीतली गोष्ट. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका नाटुकल्यात राजकन्या झोपाळ्यावर बसून गाते, असा प्रसंग होता. गाणं मला येत होतं, पण झोपाळ्यावर शोभेल अशी मुलगी दुसरी होती. मग असं ठरलं, की मी पडद्यामागून गायचं आणि तिनं ओठ हलवायचे. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि खरं सांगू? मला फार वाईट वाटलं असं तुम्हाला वाटत असेल, पण मला तर हायसं वाटलं! पडद्यामागे अंधार होता. तिथे मी अशी गायले, अशी गायले, की गाणं पुन्हा म्हणायला लावलं. कुणीतरी माइकवरून पाच रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. ते अर्थात राजकन्येला.

ती मुलगी मात्र गुणाची. कार्यक्रम संपल्यावर ती नोट घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘हे तुझेच आहेत गं.’’ आम्ही दोघींनी त्या पैशांची भजी खाल्ली. भजी खाताना बाजूनं कुणीतरी म्हणालं, ‘‘टुनटुन, जरा कमी खा.’’ माझा घास तिथेच थांबला. पडद्यामागचा आनंद पडद्यामागेच राहिला.

त्या उन्हाळ्यात, १९९२ साली, बाबांनी मला शेजारच्या गावच्या गुरुजींकडे गाणं शिकायला घातलं. गुरुजी दिवाळीनंतरचे चार महिने नाटकांत पेटी वाजवायचे आणि उरलेले महिने धान लावायचे, मुलांना शिकवायचे. आमच्याकडच्या नाटकांचं तुम्हाला सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, की इथे गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार, रात्री नाटक. तेही दोन तासांचं नाही. जेवून बसायचं आणि उजाडता उजाडता उठायचं! अशा नाटकांत पेटी वाजवणाऱ्या माणसानं किती गळे ऐकले असतील, विचार करा.

पहिल्या दिवशी गुरुजींनी मला नुसता ‘सा’ लावायला सांगितला. सूर बरोबर लागला, पण पाच-सहा मात्रांतच दम संपला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आठवडाभर असंच चाललं. मला वाटलं, जाड मुलीला दम लागणारच. मग एके दिवशी गुरुजींनी पेटी थांबवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

‘‘पोरी, पोट कायले धरून ठेवलं आहे? चोरीचं आहे का ते? सोड त्याले.’’

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण त्यांचं खरं होतं. पाचवीपासून मी पोट आत ओढून धरत होते. वर्गात, रस्त्यानं चालताना, पाहुण्यांसमोर, फोटो काढताना. इतकी सवय झाली होती, की मी ते धरलं आहे हे माझ्याच लक्षात येत नव्हतं.

हे वाचता वाचता तुम्हीही करून पाहा. पोट घट्ट आत ओढा आणि तसंच धरून खोल श्वास घ्या. काय झालं? खांदे वर गेले ना? आता पोट सैल सोडा आणि पुन्हा श्वास घ्या. फुप्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकून सपाट होतो, म्हणजे फुप्फुसांना पसरायला जागा होते. त्याच्या दाबानं पोट पुढे येतं. पोट पुढे येऊच दिलं नाही, तर श्वासपटल खाली जाणार कुठे? मग श्वास वरवरचा होतो, मान ताठते, आणि लांब सूर तुटतो. म्हणजे माझा दम जाडीमुळे तुटत नव्हता, जाडी लपवण्यामुळे तुटत होता.

गुरुजींनी आईला एक युक्ती सांगितली. रोज सकाळी मला चटईवर उताणी निजवायचं आणि पोटावर रिकामा लोटा ठेवायचा. श्वास घेतला की लोटा वर, सोडला की खाली. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आमच्याकडे लोट्यांची काय वाण! धाकटा भाऊ शेजारी बसून ‘‘वर आला... खाली गेला’’ असा पुकारा करायचा आणि लोळून लोळून हसायचा. पहिले काही दिवस लोटा धडपणे वर येईच ना. पोट ऐकेना. तीन वर्षं त्याला आत राहायला शिकवलं होतं, ते एका आठवड्यात कसं बाहेर येईल? महिन्याभरानं लोटा हलू लागला आणि माझा ‘सा’ बारा मात्रांपर्यंत गेला.

एकदा सकाळी गुरुजींकडे पोचले, तर विविध भारतीवर ‘भूले बिसरे गीत’ लागलं होतं. एक बाई गात होती. आवाज जुन्या वळणाचा, भरलेला, थोडा उदास. गुरुजींनी विचारलं, ‘‘ओळख, कोण?’’ मला ओळखता आलं नाही.

‘‘उमादेवी. तुम्ही पोट्टे जिले टुनटुन टुनटुन म्हणून हसता, ते.’’

त्यांना माझं टोपणनाव ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी ते गाणं मोठ्यानं म्हणत आले.

पुढे मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं. उमादेवीचा जन्म १९२३ सालचा, उत्तर प्रदेशातला. लहानपणीच आईवडील गेले. गाण्याच्या वेडानं ती एकटी मुंबईला आली आणि थेट संगीतकार नौशाद यांच्यापुढे उभी राहिली. मला गायला दिलं नाही तर समुद्रात उडी टाकीन, असं ती म्हणाली होती अशी गोष्ट सांगतात. १९४७ च्या ‘दर्द’ चित्रपटात नौशादनी तिला गाणं दिलं. पडद्यावर मुनव्वर सुलताना, आवाज उमादेवीचा. म्हणजे तीही पडद्यामागचीच! ते गाणं अजून ऐकतात. १९५० च्या ‘बाबुल’मध्ये तिला विनोदी भूमिका मिळाली, टुनटुन हे नाव पडलं, आणि त्यानंतर ती शेकड्यांनी चित्रपटांत हसवत राहिली. २००३ साली ती गेली.

जाड होती म्हणून तिचं गाणं सुटलं, असं मी बरीच वर्षं समजत होते. ते तसं नाही. गाण्याची पद्धत बदलली, उंच पट्टीचे नवे आवाज आले, आणि तिच्या वळणाचं गाणं मागे पडलं. चुकीचं ते चुकीचं म्हणायला हवं, जरी ते आपल्या सोयीचं असलं तरी.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. याच नौशादनी ‘मुघल-ए-आझम’साठी, म्हणजे १९६० च्या चित्रपटासाठी, उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांना गायला बोलावलं. खाँसाहेबांचं शरीर अवाढव्य. त्यांचे फोटो पाहा, पैलवानच वाटतात. आणि गळा असा, की तान पाण्यासारखी वाहायची. त्या देहाला लोक हसले नाहीत. उस्ताद कसे भारदस्त दिसतात, म्हणाले. बाई जाड असली की गंमत आणि पुरुष जाड असला की भारदस्त, हा कुठला न्याय?

आईबाबांनो, हे वाचत असाल तर एवढंच. मुलाच्या वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरांकडे जरूर न्या. पण पाहुण्यांच्या देखत ‘‘हिचं लग्न कसं व्हायचं’’ म्हणू नका. आमच्या मोठ्या आईनं ते वाक्य एकदाच म्हटलं होतं. ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं.

मंडईचं सांगायचं राहिलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईत नाटक सुरू व्हायच्या आधी एक भजन म्हणायला गुरुजींनी मला उभं केलं. पडदा नाही, अंधार नाही, चारी बाजूंनी दिवे. समोर पोती, चटया अंथरून अख्खं गाव बसलेलं, शिवाय आजूबाजूच्या गावचे पाहुणे. मी माइकजवळ गेले आणि पोरांच्या घोळक्यातून आरोळी आली, ‘‘टुनटुन!’’

हशा झाला. माझं पोट आपोआप आत गेलं. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसरीचा शेवटचा सूर तुटला. गुरुजींनी पेटीवर तीच जागा पुन्हा वाजवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतीच वाजवत राहिले, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बायकांच्या बाजूला आई बसली होती. तिनं पदराआडून हाताचा पंजा पोटाशी धरला आणि वर-खाली, वर-खाली केला. लोटा!

मला हसूच आलं. हसल्याबरोबर पोट सुटलं. श्वास आत गेला तो पार खालपर्यंत, आणि दुसरी ओळ मी पुन्हा पहिल्यापासून घेतली.

भजन संपल्यावर टाळ्या पडल्या. ‘टुनटुन’ची आरोळीही आणखी एकदा आली, नाही असं नाही. शाळेतही नाव बदललं नाही. रेडिओवर मी गायले ते कॉलेजात असताना, ‘युववाणी’ कार्यक्रमात, दोनदाच. आता मी मुलांना गाणं शिकवते. माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं आणि आजही नाही.

माझ्या वर्गात गेल्या जूनपासून एक मुलगी येते. ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून बसते आणि तिचा ‘सा’ सहाव्या मात्रेला तुटतो. परवा मी फडताळातून आईचा तो लोटा काढला, चिंचेनं घासला आणि तिच्या हातात दिला.